डब्यातले बेचाळीस दगड

(दगडावर दगड आपटल्याचा आवाज. टक्. टक्. टक्.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर सॉरी, आवाज जरा कानात घुसला असेल. पण आजचा एपिसोड याच आवाजाचा आहे. दगडावर दगड. आपण ज्या भागात राहतो तिथं हा आवाज लाखो वर्षं होत होता. शेती नव्हती, गाव नव्हतं, मराठी नव्हती, देऊळ नव्हतं, तेव्हापासून.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना घेतलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. सगळे नाही काढले, कारण मग तो मी राहणार नाही.

आधी माझी ओळख, नवीन श्रोत्यांसाठी. मी धाराशिव जिल्ह्यातला, तुळजापूर तालुक्यातला. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. दिवसभर डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचा आणि वाटेत सांडू द्यायचा नाही, ही माझी नोकरी. मी पुरातत्त्वज्ञ नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. मग या विषयावर मी का बोलतोय? कारण माझ्याकडे एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्या डब्यात बेचाळीस दगड आहेत. आणि त्या दगडांच्या बाबतीत मी एक चूक केली आहे, जी आता दुरुस्त होत नाही. ती तुम्ही करू नये, म्हणून हा एपिसोड.

गुहा म्हणजे लेणी नव्हे

काही वर्षांपूर्वी, जिल्ह्याचं नाव अजून उस्मानाबाद होतं तेव्हा, एक बातमी आली. तुळजापूर परिसरातल्या गुहांमध्ये उत्खनन झालं आणि तिथं प्रागैतिहासिक काळातली दगडी हत्यारं मिळाली. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती बातमी फिरली. खाली दोन प्रतिक्रिया आल्या. एकानं विचारलं, "सोनंबिनं घावलं का काही?" दुसऱ्यानं धाराशिव लेण्यांचा फोटो टाकला आणि लिहिलं, "आमची शान."

दोन्ही प्रतिक्रिया प्रेमाच्याच आहेत, पण दोन्ही चुकीच्या जागी आहेत. सोन्याकडं नंतर येऊ. आधी लेण्यांचं बघू.

धाराशिवची लेणी माणसानं कोरलेली आहेत. डोंगर आधी अखंड होता. छिन्नी-हातोडा घेऊन कारागीर आले, त्यांनी खांब, दालनं, मूर्ती काढल्या. ही गोष्ट साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. आपलं तेर त्याहून जुनं. प्राचीन तगर म्हणजे तेर, ज्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगापर्यंत जायचा. आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण साधारण इथं थांबतो. तेरच्या मागं काय, असं विचारलं तर गप्प.

प्रागैतिहासिक गुहा हा वेगळा प्रकार आहे. ती कुणी कोरलेली नसते. आपला बालाघाट म्हणजे लाव्हाच्या थरांची चळत आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थंड झाला, मग दुसरा आला, मग तिसरा. काही थर घट्ट काळ्या दगडाचे, काही भुसभुशीत, मुरमासारखे. डोंगराच्या कडेला पाऊस-वारा लागला की मऊ थर आधी झिजतो आणि वरचा कडक थर छपरासारखा पुढं राहतो. खाली तयार होते ती कपार. आमच्याकडं शेरडं घेऊन जाणारी माणसं पावसात तिथं बसतात. कपारीच्या छताला धुराचा काळा थर असतो, कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग. दिसायला अगदीच साधी जागा. मूर्ती नाही, शिलालेख नाही, तिकीट नाही.

पण विचार करा. पावसात आडोसा शोधणारा पहिला माणूस काही आमच्या गावचा धनगर नव्हता. छप्पर आयतं आहे, समोर दरी दिसते, खाली ओढा आहे, जनावरं पाण्यावर येताना दिसतात. ही जागा चांगली आहे हे कळायला बीटेक लागत नाही.

गारगोटी आपल्याच रानातली

आता दगडाकडं येऊ. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात. पुढं लाखो वर्षं त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर सिलिका झिरपते आणि साचते. त्यातून अकीक, गारगोटी, पांढरट-निळसर काचेसारखे दगड तयार होतात. काळा दगड झिजून त्याची काळी माती झाली, पण हे दगड झिजले नाहीत. म्हणून नांगरट झाली, वर एक पाऊस झाला, की आपल्या रानात ते चमकताना दिसतात.

आमच्या घरात पणजोबांची चकमक होती. लोखंडाचा एक वाकडा तुकडा, एक गार आणि कापूस ठेवायची नळी. लोखंड गारेवर घासलं की ठिणगी कापसावर पडायची आणि बिडी पेटायची. म्हणजे बघा, आगपेटी घराघरात पोचेपर्यंत आपली माणसं या दगडाला ओळखून होती. त्याला धार येते, त्यातून ठिणगी निघते, हे ज्ञान फार जुनं आहे आणि ते तुटलं कधी, तर अगदी आत्ता. माझ्या पिढीत.

या दगडाची खासियत अशी की तो फुटतो ते नियम पाळून फुटतो. लाकूड रेषेनं फाटतं, मुरूम कसाही ढासळतो. पण गारगोटी किंवा बारीक पोताचा काळा दगड योग्य जागी, योग्य कोनात ठोकला, तर आतून एक लाट जाते आणि शिंपल्यासारखा गोलसर छिलका सुटून येतो. त्याची कड ब्लेडसारखी असते. कांदा कापता येतो. मी कापून बघितलाय.

मग रानात पडलेला कुठला तुकडा माणसानं काढलेला आणि कुठला नांगरानं फोडलेला, हे कसं ओळखायचं? जाणकार चार-पाच खुणा बघतात. एक, छिलक्याच्या वरच्या टोकाला छोटी सपाट जागा असते, जिथं घाव बसला. दोन, तिच्या लगेच खाली पोटाच्या बाजूला थोडा फुगवटा असतो. बोटानं चाचपला तर लागतो. तीन, तिथून पुढं पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा. चार, पाठीच्या बाजूला आधी काढलेल्या छिलक्यांच्या खुणा, बहुतेकदा ठरावीक दिशेनं गेलेल्या. आणि पाच, कडेवर बारीक बारीक टवके, एका ओळीत, धार नीट करण्यासाठी मुद्दाम काढलेले.

एखादी खूण योगायोगानं येऊ शकते. बैलाच्या खुरानं, ट्रॅक्टरच्या फाळानं टवका उडू शकतो. म्हणून एका दगडावर कुणी निकाल देत नाही. एकाच जागी असे पन्नास, शंभर तुकडे मिळाले, त्यांच्यात ज्यापासून छिलके काढले तो मधला गाभाही मिळाला, काढताना वाया गेलेला चुरा मिळाला, तर मग म्हणता येतं की इथं कुणीतरी बसून काम केलंय.

मी स्वतः हे करून बघायचं ठरवलं. रानातला दगड नाही घेतला, का ते पुढं सांगतो. पुण्यात गच्चीवर बसलो, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, आणि काचेच्या बाटलीचा जाड तळ. काच अशीच फुटते, म्हणून शिकणारे लोक काचेवर सराव करतात. चाळीस मिनिटं ठोकत होतो. एकही धड छिलका नाही, नुसता चुरा. मग कळलं की कडेचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी हवा, घाव मधोमध नाही तर काठावर हवा, आणि पहिला छिलका काढतानाच तिसऱ्याची जागा मनात ठरलेली हवी. म्हणजे हे काम हाताइतकंच डोक्याचं आहे. ज्यांना आपण सिनेमात 'हू हा' करणारे आदिमानव म्हणून बघतो, त्यांनी हे रोज केलं आणि पोराबाळांना शिकवलं. माझा अंगठा मोज्यातूनही कापला, तो भाग वेगळा.

किती जुनं म्हणजे किती?

थोडा मोठा नकाशा बघू, म्हणजे आपली कपार कुठं बसते ते कळेल.

भारतात दगडी हत्यारांचा अभ्यास सुरू झाला तो ३० मे १८६३ रोजी. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूवैज्ञानिकाला चेन्नईजवळ पल्लावरमला एक दगडी हत्यार सापडलं. त्याच दशकात आपल्याकडंही, पैठणजवळ मुंगी इथं, गोदावरीच्या गाळात अकीकाचा एक छिलका मिळाला. म्हणजे या शोधात गोदावरीचा काठ पहिल्यापासून आहे. आपल्यालाच ते शाळेत कुणी सांगितलं नाही.

पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे विद्यार्थी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या काठानं अक्षरशः पायी फिरले. गोदावरी, प्रवरा, भीमा, कृष्णा. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ पासून उत्खनन झालं. तिथं नदीच्या जुन्या गाळात खाली मोठी हत्यारं मिळतात, हातकुऱ्हाडी आणि फरश्या, बहुतेक काळ्या दगडाच्या. त्याच्या वरच्या थरांत लहान हत्यारं, तासण्या आणि टोचण्या, अकीक-गारगोटीसारख्या बारीक पोताच्या दगडांच्या. म्हणजे दगड बदलला, आकार बदलला, काम करायची पद्धत बदलली. आणखी वर गेलं की सूक्ष्मास्त्रं येतात, नखाएवढी पाती, जी लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात ओळीनं बसवायची. एक तुटलं तर फक्त तेवढंच बदलायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मॉड्युलर म्हणून मिरवतो ना, तेच.

आकडे सांगतो. तमिळनाडूत अतिरमपक्कम इथली सगळ्यात जुनी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची. आपल्याला जवळ असलेल्या कर्नाटकात, यादगीर जिल्ह्यात इसमपूर नावाचं ठिकाण आहे. तिथं चुनखडीच्या लाद्यांपासून हत्यारं घडवायचा चक्क कारखाना होता, साधारण १२ लाख वर्षांपूर्वीचा. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तो खोदला. आणि जळगाव जिल्ह्यात पाटणे इथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्यावर रेघा कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. हो, शहामृग. खानदेशात.

यातला सगळ्यात जुना कारागीर आपल्यासारखा माणूस नव्हता. आपली जात, होमो सेपियन्स, साधारण तीन लाख वर्षांपूर्वीची आणि तीही आफ्रिकेतली. त्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनच्या पठारावर कुणीतरी होतं. त्यांची हाडं जवळजवळ मिळतच नाहीत. लाकूड कुजलं, कातडी कुजली, गाणी असतील तर तीही गेली. उरला दगड.

मग गुहेचं विशेष काय?

आत्तापर्यंत मी सांगितलेली ठिकाणं पाहिलीत तर बहुतेक नदीकाठची, उघड्यावरची. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात गुहेत मिळालेला पुरावा त्यामानानं कमी. कोकणात कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत असं उत्खनन झालं आणि हत्यारं मिळाली. आणि इकडं आपलं तुळजापूर. म्हणून या बातमीचं महत्त्व.

नदीकाठी मिळालेला दगड बहुतेक वेळा वाहून आलेला असतो. कुठून, किती लांबून, सांगता येत नाही. शेतात मिळालेला दगड नांगरानं दहा वेळा उलटापालटा केलेला असतो. पण कपारीत गोष्टी साचतात. वाऱ्यानं आलेली धूळ, चुलीची राख, छताचा पडलेला टवका, माणसानं टाकलेला चुरा. थरावर थर. खालचा जुना, वरचा नवा. माझ्या भाषेत सांगायचं तर ती लॉग फाइल आहे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या नंतर लिहिली गेली, आणि कुणी मध्ये हात घातला नाही तर क्रम शाबूत राहतो.

'कुणी हात घातला नाही तर' हे महत्त्वाचं. साळिंदर बीळ करतं, उंदीर बीळ करतो, वरचा दगड खाली जातो. म्हणून उत्खनन करणारे लोक आधी मातीचा रंग बघतात. बिळातली माती वेगळी दिसते. ती वेगळी मोजतात.

उत्खनन कसं चालतं ते बघाल तर तुम्हाला कंटाळा येईल. मी खरं सांगतो. जागेवर सुतळीनं चौकोन आखायचे. एका वेळी काही सेंटीमीटर माती खुरपीनं, ब्रशनं काढायची. तुकडा दिसला की उचलायचा नाही. आधी मोजायचं, चौकोनाच्या कुठल्या कडेपासून किती, किती खोल. फोटो. नोंद. मग पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. काढलेली सगळी माती बारीक जाळीच्या चाळणीतून चाळायची, कारण तांदळाच्या दाण्याएवढा टवकाही सांगतो की धार इथं लावली, दुसरीकडून आणली नाही. पुढं प्रयोगशाळेत असे छिलके मूळ गाभ्याला परत जोडून बघतात, फुटलेली कपबशी जुळवावी तसे. जुळले तर घाव कुठल्या क्रमानं पडले ते कळतं. लाखभर वर्षांपूर्वी एका माणसानं अर्ध्या तासात काय काय केलं, ते घाव-घाव मोजून.

आणि वय? दगडाचं वय उपयोगाचं नाही, तो तर लाव्हाचा, कोट्यवधी वर्षांचा. विचारायचं असतं ते दगड ज्या थरात पुरला गेला त्या थराचं वय. कोळसा मिळाला तर कार्बनवरून साधारण ५० हजार वर्षांपर्यंत सांगता येतं. त्याहून जुनं असेल तर मातीतल्या वाळूच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला, हे मोजायची पद्धत आहे. त्यासाठी थरात नळी ठोकून माती अंधारातच काढतात. उजेड लागला की घड्याळ शून्यावर.

तरी वाद होतात. पुणे जिल्ह्यात बोरी नावाचं गाव आहे, कुकडी नदीकाठी. तिथं ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत हातकुऱ्हाडी. त्या राखेचं वय वेगवेगळ्या अभ्यासांत ७५ हजारांपासून १४ लाख वर्षांपर्यंत निघालं. म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर 'इतक्या लाख वर्षांपूर्वीचा' असं मथळ्यात दिसलं, तर फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा, कशाचं वय मोजलंय आणि कुठल्या थराचं?

आता माझा डबा

चौथी-पाचवीत असताना मला टोकदार दगड गोळा करायचा नाद होता. शाळा सुटली की रान, ओढा, डोंगराची कड. चकाकणारा तुकडा दिसला की खिशात. खिशाला भोकं पडायची. आज्जी ओरडायची, "कशाला दगडं गोळा करायलास रे? खिसं शिवून शिवून माझी बोटं गेली." पण तिनंच मला तो पत्र्याचा डबा दिला. "यात ठिव आन् घराबाहेर ठिव."

बातमी आली त्या वर्षी दिवाळीला मी तो डबा शोधून काढला. कोठीच्या मागं होता, गंजलेला. मोजले, बेचाळीस दगड. पुण्याला घेऊन आलो, धुतले, फोटो काढले आणि ओळखीतून पुरातत्त्व शिकणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवले. तिनं सगळे टेबलावर मांडले. एकेक उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरायची आणि बाजूला ठेवायची. "हा नांगराचा. हा नैसर्गिक. हाही. हा... थांब."

बेचाळीसपैकी सहा तिनं वेगळे काढले. त्यातलं एक पातं होतं, पांढरं, बोटाच्या पेराएवढं, दोन्ही कडा समांतर. दुसरा एक गाभा, लिंबाएवढा, ज्यावरून अशी पाती काढल्याच्या खुणा सरळ रेषेत होत्या. ती जाम खूश झाली. वही उघडली आणि विचारलं, "हे दोन एकाच जागेचे का? कुठं मिळाले?"

आणि मला सांगता येईना.

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. ओढ्याकडचे? चुलत्याच्या रानातले? का कपारीतले? कारण कपारीतही मी जायचो, पावसात, शेरडांच्या मागं. तिथल्या भुसभुशीत मातीत मी काडीनं उकरायचो, हे मला पक्कं आठवतं. पण कुठला दगड तिथला, ते नाही आठवत. सगळे एका डब्यात, वीस वर्षं एकमेकांवर घासत. कडांवर जे ताजे टवके आहेत ते माझ्या डब्यानं पाडलेले.

तिनं वही मिटली. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्याकडं दगड आहेत, जागा नाही. जागा असती तर दगड नसता तरी चाललं असतं. आम्ही जाऊन बघितलं असतं."

मी रोज ऑफिसात ज्युनिअर मुलांना सांगतो की टाइमस्टॅम्प नसलेला लॉग म्हणजे कचरा. आणि मी स्वतः, दहा वर्षांचा असताना का होईना, आपल्या गावच्या लॉगमधून सहा ओळी काढल्या आणि त्यांच्यावरची वेळ आणि पत्ता पुसून टाकला.

कपारीचं काय झालं

तुम्ही म्हणाल, मग कपारीत जाऊन बघ ना. गेलो. पुढच्याच महिन्यात गेलो.

कपार अर्धीच आहे. खालचा मऊ थर म्हणजे मुरूम, आणि मुरूम म्हणजे रस्त्याचा भराव, घराची जोती, शेततळ्याचा बांध. जेसीबीला कडेनं ओरबाडायला सगळ्यात सोपी जागा हीच. कुणी मुद्दाम नाही केलं. कुणाला माहीतच नव्हतं. आणि उरलेल्या अर्ध्या भागात मध्यभागी एक खड्डा, कमरेएवढा खोल. बाजूला लिंबू, हळदी-कुंकू, विझलेल्या उदबत्त्या.

गुप्तधन. म्हटलं होतं ना, सोन्याकडं येऊ.

त्या खड्ड्यात सोनं निघालं नाही, निघणारही नव्हतं. ज्यांनी ही कपार वापरली त्यांच्याकडं धातूच नव्हता. पण खड्डा खोदताना बाहेर फेकलेल्या मातीच्या ढिगात मी नुसतं बसून बघितलं, तर पांढरे तुकडे दिसत होते. किती थरांचे, कुठल्या क्रमाचे, आता कुणीही सांगू शकत नाही. एखाद्यानं घराण्याची वही फाडून पानं वाऱ्यावर सोडावीत आणि वर म्हणावं, वहीत नोटा नव्हत्या.

मी यावेळी काही उचललं नाही. फोटो काढले आणि परत आलो.

तुमच्या फोनचं काम

म्हणून आता कामाचं सांगतो. तुम्ही रानात, डोंगरात, ट्रेकला जाता. तुमच्या खिशात असं यंत्र आहे जे माझ्या लहानपणी माझ्याकडं नव्हतं. ते वापरा.

असा तुकडा दिसला तर उचलू नका. फोनचं लोकेशन चालू करा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल, आणि दगडाचा जवळून फोटो काढा. मग चार पावलं मागं जाऊन आजूबाजूच्या जागेचा फोटो काढा, ओढा, झाड, कपारीचं तोंड दिसेल असा. दिवस आणि दोन ओळी लिहून ठेवा, नांगरलेलं रान की मोकळा माळ, एकच तुकडा की बरेच. आणि ते जाणकारांपर्यंत पोचवा. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, डेक्कन कॉलेज आहे, आपल्या विद्यापीठातला इतिहास किंवा पुरातत्त्व विभाग आहे. ठिकाण अचूक असेल तर तुमचा एक फोटो माझ्या बेचाळीस दगडांपेक्षा जास्त किमतीचा.

इन्स्टाग्रामवर मात्र लोकेशन टाकू नका. का, ते तो लिंबाचा खड्डा बघून कळलंच असेल.

स्वतः उकरू नका. अगदी थोडंसं, काडीनंसुद्धा नाही. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारं पुस्तक आहे, वाचलेलं पान परत लावता येत नाही. म्हणून जाणकारसुद्धा सगळी गुहा खोदत नाहीत, थोडा भाग मुद्दाम शिल्लक ठेवतात, पुढच्या पिढीकडं चांगली साधनं असतील म्हणून.

आणि रानात बसून दगड फोडायचा सराव करू नका. मी काच का घेतली ते यासाठी. तुम्ही आज पाडलेला छिलका पन्नास वर्षांनी कुणाला तरी गंडवेल. माझा काचेचा चुरा मी झाडून कचऱ्यात टाकला.

शेवटचं. मुरूम काढायला जेसीबी लागणार, रस्ते होणार, घरं बांधली जाणार. ते थांबवा असं मी म्हणत नाही, माझंही घर त्याच मुरमावर उभं आहे. पण यंत्र लावण्याआधी एकदा कपारीत वाकून बघायला किती वेळ लागतो? गावात एका तरी माणसाला त्या पांढऱ्या तुकड्यांची ओळख असली, तरी यंत्र दहा फूट बाजूला लागू शकतं.

मी परवा गावी गेलो तेव्हा हे सगळं चुलत्यांना सांगितलं. ते ऐकत होते, शेंगा फोडत. मी सहापैकी ते पातं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं धार बघितली, विळ्याची बघतात तशी. मग म्हणाले, "आरं, ही तर अजून चालतीय." थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "कपारीचा उरलेला तुकडा कुणाच्या गटात येतो, बघाय पायजे का?"

म्हटलं, बघायला पाहिजे.

त्या कपारीचे फोटो, लोकेशन आणि मला आठवतं तेवढं सगळं मी मैत्रिणीकडं दिलंय, आणि तिच्यामार्फत अर्ज पुढं गेलाय. काही कळलं की इथंच सांगेन. डबा अजून माझ्याकडंच आहे. झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे, 'बेचाळीस दगड. तुळजापूर तालुका. नेमकी जागा माहीत नाही.' ती वाचली की अजून लाज वाटते, पण खरी नोंद तेवढीच आहे, आणि खोटी करायची नाही.

तुमच्या घरी असा एखादा डबा असेल, तर आज आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा, हे कुठून आणलं होतं? त्यांना आठवतंय तोवर लिहून ठेवा. तुमच्या लॉगमधली वेळ आणि पत्ता अजून वाचू शकतो.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, आणि रानात जाल तेव्हा जरा खाली बघून चाला.

(टक्.)